बारा नंबरची वही

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाणीची अधिष्ठात्री शारदा हिला वंदन करून, तसेच जिच्या काठी माझे सारे आयुष्य गेले त्या अमृतवाहिनी प्रवरेला मनोमन ओंजळ वाहून, हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, परवा सर्वपित्री अमावास्येला संगमनेरच्या घाटावर तर्पण करताना माझ्या ओंजळीत एका नावाची भर पडली. भागवतराव दिघे. ते माझ्या गोत्राचे नव्हते, नात्याचे नव्हते, शाळासोबतीही नव्हते. गेल्या वर्षी याच तिथीला ते माझ्या डाव्या हाताला गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यानंतर मार्गशीर्षात ते गेले. मागे पुत्र नाही, पुतण्या नाही. पत्नी तर ते नागापूरच्या कारखान्यात असतानाच निवर्तली होती. तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे काम माझ्याकडेच आले, असे मी समजतो.

माझी त्यांची ओळख झाली ती देवळातील घंटेमुळे. मी शाळेतून संस्कृतचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि नदीकाठच्या आमच्या लहानशा महादेवाची पूजा पाहू लागलो. घंटा सैल झाली होती, ओढली की तिरकी कलंडे. एके सकाळी पांढरा सदरा, खाकी विजार आणि पायांत पॉलिश केलेले बूट अशा वेषातले सत्तरीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ दर्शनाला आले. त्यांनी घंटेकडे पाहिले, बूट बाहेर नीट जोडीने ठेवले, पिशवीतून पाना काढला आणि काही न विचारता स्टुलावर चढले. झिजलेला बोल्ट त्यांनी काढला, आणि नवा बसवण्यापूर्वी तो जुना बोल्ट दोन बोटांत धरून माझ्यासमोर उंच केला. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले. ते हात खाली घेईनात.

"मान हलवा गुरुजी."

"कशासाठी?"

"काढलं ते दाखवावं. आन ज्याला दाखवलं त्यानं मान हलवावी. मग पुढचं काम."

मी मान हलवली. नवा बोल्ट बसला. आजही ती घंटा सरळ वाजते.

हे त्यांचे ब्रीद होते, आणि ते त्यांनी कुठेही सोडले नाही. आमच्या घरी गॅसची टाकी बदलायला त्यांनी मदत केली, तेव्हा जुन्या टाकीवरून काढलेला रेग्युलेटर हातात उंच धरून ते स्वयंपाकघरात माझ्या पत्नीसमोर उभे राहिले. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "भाऊजी, आता त्याला ओवाळू का काय करू?" ते हसले नाहीत. तिने लाटणे थांबवून मान डोलावली तेव्हाच वळले. हवाई दलातून बाहेर पडल्यावर नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्यांनी पुष्कळ वर्षे फोरमन म्हणून काम केले. तिथली मुले त्यांना पाठीमागे 'दाखवमामा' म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकलेला बबन नावाचा एक कारागीर त्यांना भेटायला संगमनेरला येई. तो एकदा मला म्हणाला, "लई छळलं मामानी. प्रेस बंद करून चावी काढली की ह्यांना दाखवायची, मगच मशीनमधी हात घालायचा. संडासला गेलेले असले तरी थांबायचं! पन गुरुजी, आमच्या शॉपमधी सगळ्यांची दहाची दहा बोटं हायेत." असे म्हणून त्याने दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरून दाखवले. त्यालाही दाखवायची सवय लागली होती.

भागवतरावांना कानाने कमी ऐकू येई. तरुणपण जेटच्या आवाजात गेले होते. त्यामुळे ते बोलण्यापेक्षा खुणा अधिक करत. "धावपट्टीवर तोंडानं बोलून काय उपेग? तिथं हातच बोलतो," असे म्हणत. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळणारा हा मनुष्य आकाशातले विमान मात्र सर्वांच्या आधी ओळखी. "कानाला न्हाई, छातीला कळतं," असे त्याचे स्पष्टीकरण. विमान जाऊ लागले की ते उभे राहत, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत बसत नसत.

एकदा हिवरे बाजारला एक लग्न लावण्यासाठी मी गेलो, तेव्हा ते सोबत आले होते. पंगत बसली, वरणभातावर तूप पडले, वदनी कवळ घेता झाले, आणि हे एकदम पानावरून उठले. भरल्या पानावरून उठणे म्हणजे अन्नाचा आणि यजमानाचा दोहोंचा अवमान. सारी पंगत बघू लागली.

"अहो पाव्हणं, बसा की! जिलबी यायचीय अजून," वाढपी म्हणाला.

"त्यांच्या पाव्हण्यांचं इमान चाललंय वरून. निरोप देत्यात," कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

भागवतराव उष्टा हात तसाच धरून, मान वर करून उभे होते. बऱ्याच वेळाने बसले. मी जरा रागावूनच विचारले, "गेले का एकदाचे?"

"गेलं म्हनू नये गुरुजी," ते भात कालवत हळू म्हणाले. "पोचू द्यावं."

त्या दिवशी परतताना, संगमनेरपर्यंतच्या प्रवासात, त्यांनी मला बारा नंबरविषयी प्रथम सांगितले.

ते एका आसनाचे लढाऊ जेट होते, हंटर जातीचे, विलायतेत घडलेले. शेपटावरच्या लांबलचक क्रमांकातले शेवटचे दोन आकडे एक आणि दोन, म्हणून देखभाल करणाऱ्यांच्या तोंडी ते 'बारा नंबर'. भागवतराव वीस वर्षांचे असताना ते त्यांच्या हाती सोपवले गेले, आणि त्यांच्या बाविसाव्या वर्षी, एकाहत्तरच्या लढाईत, ते विमान गेले. मधल्या दोन वर्षांचा त्यांना दिवस न दिवस पाठ होता. पुढे त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची वही केली आणि त्या विमानाची हकीकत लिहून काढली. पहिल्या पानावर शीर्षक होते, 'बारा नंबर : जन्म ते' आणि पुढे जागा कोरी.

"तुमी शुद्ध करून द्या गुरुजी," असे म्हणून त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. मग दर गुरुवारी दुपारी देवळाच्या ओसरीवर आम्ही बसू लागलो. मी लाल शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारी, ते शेजारी बसून पाहत. मला यंत्रांतले काही कळत नाही, परंतु ती वही वाचताना वाटे की एखादा माहूत आपल्या हत्तीविषयी बोलतो आहे. 'थंडीत नाकाजवळचं उजवं झाकण बसत नाही. तळहातानं थापटावं, ठोकू नये.' 'डाव्या पंखाला घार धडकली. पत्रा बदलला. तो पत्रा इतरांपेक्षा उजळ दिसतो.' 'लढाईच्या दुसऱ्या दिवशी शेपटीत तीन गोळ्या घेऊन आलं. दोन तासांत ठिगळं मारली. साहेब म्हणाले, भागवत, तू तर शिंपी आहेस.'

साहेब म्हणजे बारा नंबरचे वैमानिक. तेही पंचविशीच्या आतले, उत्तरेकडचे, डोंगराळ मुलखातले. त्यांना खुर्चीत बसवून पट्टे आवळण्याचे आणि पिना काढण्याचे काम भागवतरावांचे. या पिनांवरच पुढचे सारे अवलंबून आहे, म्हणून मला जेवढे समजले तेवढे सांगतो. विमान जमिनीवर उभे असताना त्यात चार पिना खोचलेल्या असत, प्रत्येकीला लाल कापडाची पट्टी. तीन चाकांना, चाके मिटू नयेत म्हणून. चौथी खुर्चीला. त्या खुर्चीखाली स्फोटक दारू भरलेली असते. संकटात वैमानिकाने मूठ ओढली की तो खुर्चीसकट आकाशात फेकला जातो आणि मग त्याची हवाई छत्री उघडते. मात्र ती चौथी पिन आत राहिली, तर मूठ ओढूनही खुर्ची हलत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी चारही पिना काढायच्या, वैमानिकाला दाखवायच्या, आणि त्याने मान हलवायची. चाकांच्या तिन्ही खाली देखभाल करणाऱ्याच्या हातात राहतात. चौथी आत, वैमानिकाच्या बाजूच्या कप्प्यात जाते.

"त्या सकाळी चार विमानं गेली गुरुजी. तीन आली," ते म्हणाले. "मी तीन पिना हातात घेऊन रिकाम्या जागेवर हुबा. दुपारी कोनीतरी शिडी उचलून नेली. पिना कोनी मागितल्या न्हाईत."

त्या पिना त्यांच्याजवळ होत्या. कापडाचा लाल रंग विटून पेरूच्या गरासारखा झाला होता.

"आन चौथी?" मी विचारले, त्यांच्याच बोलीत.

ते म्हणाले, "त्येच तर. रोज काढायचो, रोज दाखवायचो. आदल्या दिवसाची आठवती. त्याच्या आदल्या दिवसाची बी आठवती. त्या सकाळी भोंगा झाला, पळापळ झाली... त्या सकाळची पिन आठवत न्हाई."

"वरिष्ठांना विचारले नाही?"

"आमची पायरी न्हवती. दोन दिवसांत मला दुसऱ्या तळावर धाडलं. खरं सांगू? इचारलं असतं तर कोनी ना कोनी सांगितलं असतं. त्याचंच भ्या वाटलं."

पन्नासहून अधिक वर्षे हा मनुष्य त्या एका पिनेसाठी जगाला काढलेली प्रत्येक वस्तू दाखवत होता, हे मला त्या गुरुवारी कळले.

वहीच्या अखेरच्या पानावर त्या सकाळची हकीकत होती. चार ओळी. त्यांतली एक अशी : 'साहेबांनी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून दोन पराठे खाल्ले, लोणचं होतं, हात माझ्या बाहीला पुसले.' विमानाच्या इतिहासात ही ओळ मला अस्थानी वाटली. मी तिच्यावर लाल रेघ ओढली.

"ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले.

"भागवतराव, हा ग्रंथ विमानाचा आहे. त्यात पराठे कशाला?"

"तेवढंच धड आठवतंय," ते पुटपुटले. मी रेघ तशीच ठेवली. लिहिण्याच्या शिस्तीचा मला अभिमान होता.

दुसरीही एक रेघ मी ओढली होती, आणि ती सलग नऊ वर्षे ओढत आलो होतो. दर भाद्रपदात ते मला विचारत, "गुरुजी, साहेबांच्या नावानं पानी सोडाल?" आणि मी दरवेळी सांगे, "तुम्ही त्यांच्या गोत्राचे नाही. ते गेल्याचे निश्चित नाही. त्यांच्या घरच्यांनी केले की नाही हे ठाऊक नाही." तर्पणाच्या शेवटी एक ओंजळ अशी असते की, जी आपल्या कुणा बांधवाची नसते. ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी ती सोडतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी ती दरवर्षी सोडत होतो, आणि घाटाच्या वरच्या पायरीवर भागवतराव बसून पाहत होते.

गेल्या वर्षी आषाढात त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदय थकले असे सांगितले. तेव्हा माझेच मन मला खाऊ लागले. म्हटले, "या अमावास्येला करू. मला त्यांचे नाव आणि गोत्र सांगा. ठाऊक नसेल तर काश्यप म्हणता येते."

दुसऱ्या दिवशी ते एक पाकीट घेऊन आले. पिवळे पडलेले, दोनदा पत्ता बदलून फिरलेले, आणि बंद. लढाईनंतर काही महिन्यांनी आलेले. मागे पाठवणाऱ्याचे आडनाव होते, साहेबांचेच.

"हे कधी उघडले नाही?"

"न्हाई. गोत्र ह्यात असंल. तुमी वाचा. मी पाठ फिरवून बसतो."

ते खरोखरच पाठ फिरवून, नदीकडे तोंड करून बसले. पत्र हिंदीत होते, स्वच्छ अक्षरात. हलक्या आवाजात वाचावे असे ते पत्र होते, परंतु भागवतरावांना ऐकू जावे म्हणून मला ते जवळजवळ ओरडून वाचावे लागले. प्रदक्षिणा घालणारी एक बाई मध्येच थांबून ऐकू लागली. तिला जा म्हणण्याचे मला सुचले नाही.

पत्र साहेबांच्या आईचे होते. 'बेटा भागवत' अशी सुरुवात. तिने लिहिले होते की, मुलाच्या प्रत्येक पत्रात तुझे नाव असे. आई बाळाच्या झबल्याचे बंद बांधते तसे भागवत मला बांधतो, असे तो लिही. त्याच्यासोबत त्या दिवशी उडालेला सहकारी घरी येऊन गेला. त्याने सांगितले की विमान पेटले, पण छत्री उघडली. ती झाडांच्या पलीकडे उतरताना त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली. म्हणून मी रडत नाही, वाट पाहते. तुला एकच विचारायचे आहे. तू त्याला शेवटचा पाहिलास. त्या सकाळी तो काही खाऊन गेला होता का? घरी असता तर मी त्याला उपाशी निघू दिले नसते. एवढे कळव.

मी थांबलो. भागवतराव वळले नव्हते.

"छत्री?" त्यांनी विचारले.

"छत्री."

"उघडली?"

"उघडली, भागवतराव. म्हणजे तुम्ही पिन काढली होती."

तेव्हा ते वळले, माझ्या चेहऱ्याकडे एकटक पाहू लागले, आणि म्हणाले, "मान हलवा."

मी मान हलवली.

"परत हलवा."

मी पुन्हा हलवली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, आता या मनुष्याचा भार उतरला. पण डोळे उघडले तेव्हा त्यांत हलकेपणा कुठेच नव्हता.

"ती शेवटची वळ परत वाचा," ते म्हणाले.

मी ती ओळ पुन्हा वाचली. यावेळी हळू वाचली तरी त्यांना ऐकू गेली.

"एवढंच इचारलं हुतं व्हय त्या माउलीनं," ते म्हणाले. "आन मला ठावं हुतं. गुरुजी, मला येवढंच तर ठावं हुतं."

मी वही उघडली. शेवटच्या पानावर माझी लाल रेघ होती. ती ओळ मी खाली पुन्हा लिहिली, शब्द न बदलता, माझ्या हाताने. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

त्यांनी उत्तर लिहिले. हिंदीत, तीन ओळींचे, नाव-पत्ता पाकिटावरून उतरवून. आई हयात असती तर तिचे वय शंभरीपलीकडे गेले असते, हे आम्हा दोघांनाही कळत होते. तरीही दूध संघाचे टँकर ज्या रस्त्याने जातात तिथल्या टपाल कचेरीत आम्ही चालत गेलो. वाटेत ते चार ठिकाणी थांबले. अमावास्येच्या आठ दिवस आधी पत्र परत आले. पाकिटावर तिकडच्या पोस्टमनने लिहिले होते, 'इस पते पर अब कोई नहीं।'

अमावास्येच्या सकाळी भागवतराव धोतर नेसून घाटावर आले. पायांत बूट नव्हते, त्यामुळे मला ते क्षणभर ओळखू आले नाहीत. मी म्हणालो, "आई वाट पाहत होती. तिने श्राद्ध केले नाही. आपण करावे का?"

"ती हुती तवर वाट बघायला कोन तरी हुतं," ते म्हणाले. "आता कोन न्हाई. सोडा पानी."

आम्ही पाण्यात उतरलो. प्रथम त्या मातेसाठी आणि मग तिच्या पुत्रासाठी मी भागवतरावांकडून ओंजळ सोडवली. ते नाव मी येथे लिहीत नाही. ते मी पाण्यात उभा राहून उच्चारले आहे, तेवढे पुरे. तीळ वाहून गेले. विधी संपला असे समजून मी काठाकडे वळलो.

भागवतराव वळले नव्हते. त्यांनी कमरेच्या गाठीतून त्या तीन पिना काढल्या आणि उजवा हात सरळ वर केला, शिडीवर न चढता, खालून वैमानिकाला दिसेल एवढा. विटक्या पट्ट्यांतून पाणी निथळत होते. वरती काहीही नव्हते. पक्षी नाही, ढग नाही. ते हात धरून उभे राहिले. मान हलवणारा तिथे मी एकटाच होतो, आणि ती मान मी हलवायची नव्हती. मी पाण्यात तसाच थांबलो.

पुष्कळ वेळाने त्यांनी हात खाली आणला. पिना पाण्यात सोडल्या नाहीत, पुन्हा कमरेला खोचल्या. मग वाकून ओंजळ भरली, आणि ऐकू न येणारी माणसे बोलतात तशा मोठ्या आवाजात, आईला सांगावे तसे, प्रवरेला म्हणाले,

"माताजी, खाके गया था। दो पराठे। अचार भी था।"

आणि ओंजळ सोडली.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, तुमच्या घरातून सकाळी जो जो बाहेर पडेल तो खाऊन निघो आणि दिवेलागणीला परतो. तुमच्या दारी आलेले पत्र त्याच दिवशी उघडले जावो. तुमच्या उंच केलेल्या हाताकडे पाहून मान हलवणारे कोणी ना कोणी समोर असो. श्रीमहादेव तुमच्या कुटुंबाला अन्न, आयुष्य आणि सोबत देवो.